अर्ध्या घुमटासाठी हिरवा दोरा

लालबागच्या ज्या चाळीत माझा जन्म झाला, ती आता रिकामी होत आहे. पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या आणि भाडेकरूंना दोन महिन्यांची मुदत मिळाली. मी लग्नानंतर याच चाळीत दोन जिने वर राहायला आले, त्यामुळे अम्मीची खोलीही मलाच आवरायची होती. दहा बाय बाराच्या खोलीत माणसाने पन्नास वर्षे काय काय साठवलेले असते, हे ती आवरायला घेतल्याशिवाय कळत नाही. माळ्यावरची पत्र्याची पेटी शेवटी उघडली. आत रजयांच्या खोळी, अब्बांचे मिलचे ओळखपत्र आणि जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेले मॅटीचे कापड होते.

ते पाहताच मी ओळखले. मस्जिद-ए-नबवीचा हिरवा घुमट. अम्मीने फुलीच्या टाक्याने, म्हणजे आपण ज्याला क्रॉस स्टिच म्हणतो त्याने, तो भरायला घेतला होता. मिनार पूर्ण, आकाशाची निळी किनार पूर्ण, घुमट मात्र अर्धाच. कडेला सुई तशीच टोचलेली होती आणि तिच्या गंजाचा एक लालसर ठिपका कापडावर पडला होता. सोबत आलेखाचा कागद होता, पण ज्या तुकड्यावर दोऱ्यांचे नंबर लिहिलेले असतात तो फाटून गेलेला.

मी त्याच रात्री कागदावर पेन्सिलने मोजले. सुमारे 2,300 फुल्या उरल्या होत्या, सगळ्या हिरव्या. तासाला शंभर फुल्या होतात. रोज अर्धा तास दिला तर दीड महिना. ठरवले की खोलीची किल्ली देण्याआधी हा घुमट पुरा करायचा, आणि याच खोलीत, याच खिडकीशी बसून.

अम्मीचा टाका

अब्बा मिलमध्ये साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते आणि त्यांतल्या कितीतरी जणांना पुन्हा कधी साचा दिसला नाही. अब्बा त्यांतलेच. आमच्या चाळीत तेव्हा प्रत्येक घराने आपापला मार्ग शोधला. कुणी पापड लाटले, कुणी खानावळ घातली. अम्मीला शाळेत शिवणाच्या तासाला शिकलेला फुलीचा टाका येत होता.

शेजारच्या काकूंच्या ओळखीने तिला गिरगावातले काम मिळाले. तिथल्या लग्नांत रुखवत मांडण्याची मोठी हौस. मुलीच्या हातची कलाकुसर म्हणून टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, दाराचे तोरण असे सगळे रुखवतात मांडायचे. पण नोकरी करणाऱ्या मुलीला वेळ कुठला? मग ते अम्मीकडे यायचे. आमच्या कोकणी मुसलमान घरांतही मुलीला सासरी पाठवताना भरलेल्या चादरी आणि रुमाल दिले जात, त्यामुळे अम्मीला त्या कामाचे मोल ठाऊक होते. कुठल्याशा वधूच्या अभ्र्यावर गुलाब भरताना ती पुटपुटायची, "अल्लाह हिचा संसार सुखाचा करो." त्या मुलीचे नावही तिला माहीत नसायचे.

काम पोचवायला ती मला सोबत न्यायची. गिरगावच्या लाकडी जिन्यांचा वास, वर गेल्यावर मिळणारा लाडू आणि परतताना अम्मीच्या बटव्यातल्या नोटा, एवढे मला आठवते. पुढे बाजारात मशीनवर भरलेले तयार कापड स्वस्त मिळू लागले आणि ते काम हळूहळू थांबले. हिरवा घुमट हे तिने स्वतःसाठी घेतलेले पहिले काम. मदिन्याला जाण्याइतके पैसे कधी जमले नाहीत. मग मधुमेहाने डोळ्यांवर घाव घातला. एक दिवस तिने कापड गुंडाळले आणि म्हणाली, "चौकोन दिसत नाहीत आता." त्यानंतर तिने ते कधी मागितले नाही. 2016 मध्ये ती अल्लाहला प्यारी झाली.

दादर

दुसऱ्या शनिवारी शाळेला सुट्टी होती. कापड कापडी पिशवीत घेतले, कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सोबत घेतले आणि लालबागहून बस पकडली. परळ ओलांडून बस हिंदमाताजवळ आली की दोन्ही बाजूंना कापडाची दुकाने लागतात. पावसाळ्यात बातम्यांत दिसणारे पाणी तुंबलेले हिंदमाता ते हेच. आमच्यासारख्यांची मात्र ड्रेसच्या कापडापासून पडद्यांपर्यंतची सगळी खरेदी इथलीच. दादर टीटीला उतरून पूल ओलांडला आणि पश्चिमेच्या गर्दीत शिरलो. शनिवारचे दादर म्हणजे एक हात पिशवीवर आणि दुसरा लेकीच्या मनगटावर.

रानडे रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत मॅचिंगची दुकाने आहेत. लेस, बटणे, अस्तर, आणि एका कोपऱ्यात अँकरच्या लड्यांचे कपाट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एका लडीत 8 मीटर दोरा असतो आणि तो सहा पदरी असतो. आपल्याला हवे तेवढे पदर वेगळे करून सुईत ओवायचे. जाड मॅटीला तीन, बारीक चौकोनाच्या कापडाला दोन. प्रत्येक रंगाला नंबर असतो आणि हा नंबरच खरा पत्ता. अँकरचा काळा 403, तर फ्रान्सच्या डीएमसीचा काळा 310. नंबर हरवला की शेकडो रंगांत आपला रंग शोधत बसा.

दुकानातल्या मुलीने चार हिरव्या लड्या काढल्या आणि ट्यूबलाइटखाली घुमटावर एकेक ठेवून पाहिली. एक पोपटी वाटली, एक शेवाळी, एक फार गडद. चौथी जुळते असे वाटले. बाहेर उन्हात आणली तर निळसर झाली. दोन दुकाने आणखी फिरलो. शेवटच्या दुकानात एक बाई म्हणाल्या, "ताई, एवढा खटाटोप कशाला? तयार किट मिळते. नवीनच करा ना सगळे." त्यांचे चुकले नव्हते. लेकीने माझ्याकडे पाहिले. मी कापडाची घडी घातली आणि म्हणाले, "गिरगावात जाऊन पाहू."

गिरगाव

दादरहून धिम्या लोकलने चर्नी रोडला उतरलो. गिरगाव बदलले आहे. जिथे चाळी होत्या तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत. तरी ठाकूरद्वारकडे जाताना अजून काही लाकडी सज्जे दिसतात, आणि एखाद्या सज्जात वाळत घातलेल्या चादरीवर हाताने भरलेली फुले दिसली की माझे पाय थांबतात. वाटते, हिच्यावर अम्मीचा हात फिरला असेल का?

एका जुन्या दुकानात सत्तरी ओलांडलेले काका बसले होते. मी कापड पुढे केले आणि दादरची हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा वर सरकवला, कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात आले आणि एकही लडी न काढता ते उलटे केले.

"रंग पुढून नाही जुळवायचा ताई. मागून."

मी पाहतच राहिले. कापडाच्या मागचा हिरवा आणि पुढचा हिरवा वेगळे होते. पुढची बाजू वर्षानुवर्षे खिडकीशी राहून उडाली होती. अम्मी काम करायची तेव्हा ते कापड खिडकीच्या खिळ्यालाच टांगलेले असायचे. मागची बाजू अंधारात राहिली, म्हणून तिथे मूळ रंग तसाच होता, गर्द आणि ताजा. काकांनी आत जाऊन एक लडी आणली आणि मागच्या टाक्यांवर ठेवली. फरक दिसेना. नंबर 228.

"पण काका, हा दोरा घातला तर पुढून फरक दिसेल."

"दिसणारच. तुमच्या आईंनी आणला तेव्हा तो असाच होता. उडालेल्या रंगाचा दोरा कुणी बनवत नाही."

अम्मीच्या कामाची मागची बाजूही त्यांनी नीट पाहिली. कुठेही गाठ नव्हती. दोऱ्याचे टोक आधीच्या टाक्यांखालून ओढून घेतलेले. "हात चांगला होता," एवढेच म्हणाले. त्यांच्याकडे त्या नंबरची एकच लडी होती. मला तीन लागणार होत्या. पैसे घेताना त्यांनी सांगितले, "अब्दुल रहमान स्ट्रीटला जा, पेटी मिळेल."

जुम्मा मशिदीच्या वाटेने

गिरगावातून सी. पी. टँक, तिथून भुलेश्वर. ही वाट पायीच करावी. भुलेश्वरच्या गल्ल्यांत जरीच्या किनारी, मणी, टिकल्या आणि गोंडे यांचे ढीग असतात. पुढे झवेरी बाजार ओलांडून शेख मेमन स्ट्रीटला आलो तेव्हा जोहरची अजान सुरू झाली. मुंबईची जुम्मा मशीद इथेच उभी आहे. तिचे बांधकाम 1775 मध्ये सुरू झाले आणि 1802 मध्ये पूर्ण झाले, म्हणजे सत्तावीस वर्षे लागली. मशीद एका जुन्या तलावावर कमानी उभारून बांधली आहे. तो तलाव आजही आत आहे आणि नमाजी त्याच्या पाण्याने वुजू करतात. तिच्या उभारणीत आणि व्यवस्थेत आमच्या कोकणी मुसलमानांचा मोठा वाटा. अब्बा आम्हाला ही गोष्ट अभिमानाने सांगायचे.

गर्दीत एका कडेला उभी राहून मी लेकीला म्हणाले, "सत्तावीस वर्षांत सुरू करणारे किती जण पूर्ण झालेली पाहायला राहिले असतील?" ती हिशेब करू लागली. या वयात मुलांना सगळ्याचा हिशेब करायचा असतो.

मंगलदास मार्केटच्या कडेने आम्ही क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला आलो. 1869 सालची ही मंडई आता महात्मा जोतिबा फुल्यांच्या नावाची आहे, पण रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळे क्रॉफर्डच म्हणतात. जवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक दुकानदाराने लेकीला विचारले, "बेटा, कितनी पेटी?" दोन लड्या म्हटल्यावर तो हसला. सुटा माल नव्हताच. शेवटी मी 228 ची अख्खी पेटी घेतली. उरलेल्या लड्या शाळेतल्या मुलींना उपयोगी पडतील, असा विचार केला.

मस्जिद स्थानकातून धिमी लोकल घेतली. भायखळा आले तेव्हा लेकीने बोट दाखवले, "अम्मी, माझी फरशी!" त्याची गोष्ट पुढे सांगते. चिंचपोकळीला उतरून घरी आलो, जोहर अदा केली आणि मगच जेवलो.

डब्यातली इतर कामे

क्रॉस स्टिच करणाऱ्या बाईकडे एकच काम कधी नसते. माझ्याकडे बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे आहेत आणि प्रत्येकात एक अर्धवट काम.

पहिल्या डब्यात चौकोनी कुफी लिपीतले 'अल्हम्दुलिल्लाह'. उर्दू शिकवताना नस्तालिकचे गोल वळण मुलींच्या हाताला लावायला मी वर्षे घालवली आहेत. पण फुलीच्या टाक्यात गोलाई नीट येत नाही, पायऱ्या दिसतात. चौकोनी कुफी मात्र सरळ रेषा आणि काटकोन यांवरच उभी आहे. जुन्या इमारतींवर विटा आणि फरशांनी लिहिता यावे म्हणून ती फुलली, आणि आलेखाच्या कागदावर ती जणू आपल्या घरी येते. आमच्या भिंतींवर माणसा-प्राण्यांची चित्रे लावत नाहीत, त्यामुळे हंसांच्या जोड्या आणि टोपीवाल्या बाहुल्यांचे नमुने मला उपयोगाचे नाहीत. फुले, घुमट, अक्षरे आणि भूमितीची नक्षी मात्र आयुष्यभर पुरेल एवढी आहे.

दुसऱ्या डब्यात लेकीचे काम. भायखळ्याच्या राणीबागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात तिला लहानपणी नेले होते. 1872 साली लोकांसाठी खुले झालेल्या त्या इमारतीत सगळी मुले वस्तू पाहत होती आणि ही खाली बसून इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या फरशीचे चौकोन मोजत होती. आता तीच नक्षी तिने आलेखावर उतरवून घेतली आहे. दर आठवड्याला चार ओळी भरते, परीक्षा आली की तीही नाही.

तिसरा डबा शाळेचा. शनिवारच्या कार्यानुभवाच्या तासाला सातवीच्या मुली पुस्तकखुणा भरतात. 14 चौकोनांच्या कापडावर 28 फुल्यांची पट्टी किती इंच रुंद होईल, असे विचारले की गणिताला घाबरणारी मुलगीही दोन म्हणून मोकळी होते. गेल्या वर्षी मी त्यांना पॅलेस्टाईनच्या भरतकामाविषयी सांगितले. तिथे त्याला तत्रीज म्हणतात आणि त्यात फुलीचा टाकाच प्रमुख आहे. गावोगावचे नमुने वेगळे. बाईच्या पायघोळ झग्यावरून ती कुठल्या गावची हे ओळखता यायचे. 1948 नंतर ती गावे सुटली, पण छावण्यांत राहणाऱ्या बायकांनी आपल्या गावचे नमुने मुलींना शिकवणे सोडले नाही. 2021 मध्ये युनेस्कोने या कलेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. तोय, रे, झे या ज्या तीन अक्षरांतून तत्रीज हा शब्द बनतो, त्याच तीन अक्षरांत आपल्या उर्दूतला 'तर्ज' आहे, हे फळ्यावर लिहिल्यावर एका मुलीने विचारले, "टीचर, घर सोडताना त्यांनी सुई बरोबर घेतली असेल का?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पेटी उघडली त्या दिवशी तो प्रश्न पुन्हा आठवला.

उसवलेल्या दोन ओळी

त्या शनिवारी मगरिबनंतर अम्मीच्या खोलीत बसले. नवी सुई, तीन पदर, नंबर 228. दोन ओळी भरल्या आणि कापड लांब धरून पाहिले. काहीतरी खटकत होते. रंग वेगळा दिसणार हे काकांनी सांगितलेच होते, पण हे रंगाचे नव्हते. माझ्या ओळींवर उजेड वेगळा पडत होता, ठिगळ लावल्यासारखा.

बऱ्याच वेळाने लक्षात आले. फुलीत दोन तिरक्या रेषा असतात आणि वरची रेषा सगळ्या कापडभर एकाच दिशेला झुकायला हवी. हा या कामाचा पहिला नियम. माझी वरची रेषा एका बाजूला झुकत होती, अम्मीची दुसऱ्या. कारण अम्मी डावखुरी होती! जेवायची उजव्या हाताने, तसबीह उजव्या हाताने, पण सुई मात्र डाव्या हातात. लहानपणी तिला त्यासाठी बोलणी बसली होती. मी तिच्याकडूनच शिकले, पण माझा हात उजवा, त्यामुळे माझा टाका माझ्या सोयीचा झाला. एवढ्या वर्षांत हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आले नव्हते, कारण आम्ही एका कापडावर कधी बसलोच नव्हतो.

दोन ओळी उसवल्या. आता मी अम्मीच्या दिशेने टाका घालते. हाताला सवय नाही, त्यामुळे तासाला शंभरऐवजी साठच फुल्या होतात. मध्येच हात आपल्या वळणावर जातो, मग दहा फुल्या मागे यावे लागते. दिशा बदलणे माझ्या हातात होते, रंग उडवणे नव्हते. नवा हिरवा जुन्या हिरव्याशेजारी स्वच्छ वेगळा दिसतो आणि अम्मीचा हात कुठे थांबला हे कुणालाही बोट ठेवून दाखवता येईल. सुरुवातीला ही रेघ मला टोचायची. आता वाटते, ती दिसू दे.

फजरनंतर शाळेची वेळ होईपर्यंत पाऊण तास मिळतो. खिडकीतून उजेड चांगला येतो. खाली टेम्पोत कुणाचे तरी सामान भरले जात असते. आमच्या मजल्यावरच्या अकरा खोल्यांपैकी सहाला कुलूप लागले आहे. समोरच्या काकू जाण्याआधी येऊन बसल्या, घुमटावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझ्या अम्मीने माझ्या लग्नातलं तोरण केलं होतं. अजून आहे माझ्याकडे." नव्या घरी ते दारावर लावणार आहेत.

उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) आपल्या हातांनी काम करीत आणि त्याच्या कमाईतून सदका देत, हे आपण सगळ्या ऐकत आलो आहोत. आपल्या घरांत अशी कितीतरी हातची कामे पेट्यांत पडून असतात. भगिनींना माझी एवढीच विनंती आहे की ती एकदा बाहेर काढा. थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलवर उलटे ठेवून मागून इस्त्री करा. एखादे अर्धवट असेल तर रंग मागच्या बाजूने जुळवा आणि टाक्याची दिशा पाहूनच सुई लावा. आपल्या नव्या कामाच्या कागदावर दोऱ्याचे नंबर लिहा, आणि तो कागद कापडाबरोबरच ठेवा. पुढे कोणाला तरी ते लागतील.

हा लेख लिहिताना 410 फुल्या उरल्या आहेत आणि किल्ली द्यायला नऊ दिवस. होईल, इन्शाअल्लाह. गंजाचा ठिपका मी काढलेला नाही. ज्या घरात आम्ही भाड्याने जात आहोत तिथे किब्ल्याच्या बाजूची भिंत सोडून शेजारच्या भिंतीवर, खिडकीपासून दूर, खिळा ठोकून ठेवायला मुलाला सांगितले आहे. अल्लाह तआला अम्मीची मगफिरत करो आणि तिच्या कबरीला नूराने भरो. आमीन.